विश्लेषण : अर्धापुरात ‘आजच्या आज’ फुले पोहोचतात, ती कशी?

पुणे-मुंबई-हैदराबादेत नोकरीला गेलेली मुले आता गावाकडच्या वाढदिवसाला, लग्नाला आणि दुखवट्यालाही मोबाइलवरून फुले पाठवतात. संकेतस्थळावर ‘सेम डे डिलिव्हरी’चे बटण दाबले की अर्धापुरात नेमके काय घडते? दिलेल्या पैशांतले फुलांवर किती खर्च होतात? आणि ताजे फूल वेळेत पोहोचावे यासाठी ऑर्डर देताना काय विचारावे?

नांदेडपासून सुमारे २० किलोमीटरवर, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे अर्धापूर केळी आणि हळदीसाठी ओळखले जाते. तालुक्याचे ठिकाण, नगरपंचायत, आजूबाजूला बागायती गावे. अशा गावाच्या नावासमोरही आता ‘आजच फुले पाठवा’ म्हणणारी संकेतस्थळे दिसतात. पण हे लिहिण्यासाठी त्या कंपनीचे अर्धापुरात दुकान असावेच लागते असे नाही. शेवटी हार गुंफतो तो इथला किंवा नांदेडचा फुलवालाच. म्हणूनच ‘आजच्या आज’चे वचन पाळले जाईल की नाही, हे ॲपवर कमी आणि त्या फुलवाल्याकडे त्या दिवशी कोणते फूल आहे यावर जास्त ठरते.

*ऑर्डर दिल्यावर पडद्यामागे काय होते?*

ही पद्धत इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. १९१० मध्ये अमेरिकेतील काही फुलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने ऑर्डर देण्याघेण्याची संघटना काढली. एका शहरातल्या दुकानात पैसे भरायचे, त्या दुकानाने दुसऱ्या शहरातल्या दुकानाला तार करायची आणि फुले त्या दुसऱ्या दुकानाने पोहोचवायची. म्हणजे प्रवास फक्त निरोपाचा, फुलांचा नाही. भारतात तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण फुलांच्या धंद्यातली ही पद्धत टिकून आहे. तारेची जागा आता व्हॉट्सॲपने घेतली आहे.

ऑनलाइन ऑर्डर साधारण तीन मार्गांनी पूर्ण होते. पहिला, कंपनीचे स्वतःचे किंवा तिच्या नावाने चालणारे दुकान जवळ असते आणि तिथून माल निघतो. १९९४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या फर्न्स अँड पेटल्ससारख्या साखळ्या मोठ्या शहरांत असे काम करतात. दुसरा, कंपनी जवळच्या स्थानिक फुलवाल्याला फोटो आणि पत्ता पाठवते. तिसरा, फुले कुरिअरने खोक्यातून येतात. हा तिसरा मार्ग ‘त्याच दिवशी’च्या कामाचा नाही. त्यामुळे अर्धापूरसारख्या गावात ‘सेम डे’ म्हणजे बहुतेक वेळा दुसरा मार्ग.

*हजार रुपयांतले फुलांवर किती?*

मधल्या हातांची संख्या वाढली की फुलांवरचा पैसा घटतो, हा साधा हिशेब आहे. अमेरिकेतील जुन्या पद्धतीत ऑर्डर घेणारे दुकान रकमेतले साधारण २० टक्के स्वतःकडे ठेवत असे. जोडणी करून देणारी संस्था आपला वाटा वेगळा घेई. उरलेल्या पैशांत प्रत्यक्ष फुले देणाऱ्याने फुले, बांधणी आणि पोहोच हे सगळे भागवायचे. भारतात प्रत्येक कंपनीचा करार वेगळा असतो, पण तत्त्व तेच.

समजा, ग्राहकाने १,००० रुपये भरले आणि मधल्या टप्प्यांवर ३०० रुपये गेले. फुलवाल्याच्या हाती ७०० आले. नांदेडहून अर्धापूरला माणूस पाठवायचा तर जाऊन-येऊन ४० किलोमीटर. पेट्रोल आणि त्या माणसाचा दीड-दोन तासांचा वेळ धरला तर आणखी दीडशे-दोनशे गेले. कागद, रिबन, स्पंज आणि बांधणीची मजुरी वेगळी. फुलांसाठी राहतात जेमतेम तीन-चारशे रुपये. फोटोत २० गुलाब आणि हातात १२, असे होते ते दरवेळी लबाडीमुळेच होते असे नाही. अनेकदा हिशेबच तेवढा पुरतो.

तेच १,००० रुपये थेट स्थानिक फुलवाल्याला दिले तर मधला वाटा वाचतो. अर्थात संकेतस्थळाची सोयही खरी आहे. परदेशातून कार्डाने पैसे भरता येतात, पावती मिळते, तक्रारीला जागा असते. ओळखीचे दुकान नसेल तर हा मार्ग उपयोगाचा आहे. प्रश्न फक्त आपण नेमके कशाचे पैसे देतो, हे माहीत असण्याचा आहे.

*इथे फुले येतात कुठून?*

अर्धापूरच्या दृष्टीने फुलांचे सरळ दोन वर्ग पडतात. पहिला सुट्या फुलांचा : झेंडू, गलांडा, शेवंती, गुलछडी म्हणजेच निशिगंध, मोगरा, काकडा, देशी गुलाब. हार, गजरे, तोरणे, लग्नातला सेहरा, दर्ग्यावरची चादर, गाडीची सजावट ही सगळी कामे याच फुलांची. या बाबतीत हा भाग नशीबवान आहे. शेजारचा मुदखेड तालुका फुलशेतीसाठी ओळखला जातो. अर्धापूरच्या बागायती पट्ट्यातही केळी-हळदीच्या जोडीने काही शेतकरी फुले घेतात. इसापूर धरणाच्या कालव्याचे आणि विहिरींचे पाणी हा या शेतीचा आधार आहे.

मागणीही जवळच आहे. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारा आहे आणि तिथे वर्षभर भाविकांची ये-जा असते. नवरात्रात माहूरच्या रेणुकामातेकडे रीघ लागते. अर्धापूर तालुक्यातल्याच दाभडच्या बावरीनगर महाविहारात पौष पौर्णिमेच्या सुमारास धम्म परिषद भरते. शिवाय लग्नसराई, गणपती, दसरा आणि दिवाळी आहेच.

दुसरा वर्ग ‘बुके’च्या फुलांचा : डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड, लिली. डच गुलाब आणि जरबेरा पॉलिहाऊसमध्ये पिकतात. पुण्याजवळचा मावळ-तळेगाव पट्टा आणि बेंगळुरू-होसूरचा परिसर ही त्यांची मोठी केंद्रे. तिथून ही फुले खोक्यात भरून पुणे, मुंबई, हैदराबादच्या बाजारांत आणि पुढे जिल्ह्याच्या गावी येतात. व्यवहाराची भाषाही वेगळी : झेंडू किलोवर विकला जातो, डच गुलाब २० नगांच्या गड्डीवर.

म्हणून अर्धापुरात मिळणारा झेंडूचा हार त्या दिवशी सकाळी तोडलेल्या फुलांचा असू शकतो. लाल डच गुलाबांचा बुके मात्र ‘आजच’ पोहोचला तरी त्यातली फुले दोन-तीन दिवसांपूर्वी कापलेली असू शकतात. त्यात फसवणूक नाही. ही फुले कळीच्या अवस्थेत कापून थंडाव्यात ठेवण्यासाठीच पिकवलेली असतात. वाटेतला थंडावा तुटला की मात्र ती लवकर मान टाकतात.

*प्रत्येक फुलाचे घड्याळ वेगळे*

तोडल्यावरही फूल जिवंत असते. ते श्वास घेते, पाणी गमावते, साठवलेली साखर वापरते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. मे महिन्यात नांदेड परिसरात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा दुचाकीवर उघड्यावर आलेला बुके अर्ध्या तासात किती म्हातारा होतो, याची कल्पना यावरून येईल.

मोगऱ्याची कळी पहाटे, उमलण्याआधी तोडतात. ती त्याच संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी मलूल पडते. म्हणजे मोगऱ्याच्या बाबतीत ‘त्याच दिवशी’ ही सोय नाही, अटच आहे. देशी गुलाबाच्या पाकळ्याही फार तर दिवसभर साथ देतात. झेंडू कोरडा ठेवला तर काही दिवस टिकतो, म्हणूनच तो दूरच्या बाजारात जाऊ शकतो. गुलछडीच्या काडीवर खालून वर एकेक कळी उमलत जाते, त्यामुळे ती फुलदाणीत बरेच दिवस राहते.

यातून ग्राहकाला एक गोष्ट कळावी. संकेतस्थळावरचे फोटो बाराही महिने तेच असतात, शेत तसे नसते. मोगऱ्याचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. डिसेंबरच्या लग्नासाठी मोगऱ्याचाच गजरा हवा म्हटले तर तो महाग पडेल किंवा दुसरेच फूल गळ्यात पडेल. ‘आज ताजे काय आहे?’ हा प्रश्न ‘हा फोटो आहे तसेच द्या’ या आग्रहापेक्षा जास्त कामाचा आहे.

*केळी आणि फुले शेजारी का नकोत?*

अर्धापूरकरांसाठी हा मुद्दा खास महत्त्वाचा. पिकू लागलेले केळे इथिलीन नावाचा वायू सोडते. केळी पिकवण्याच्या खोल्यांत हाच वायू वापरतात. तोच फुलांना म्हातारे करतो. कार्नेशन, ऑर्किड आणि लिली यांना तो सर्वाधिक बाधतो, गुलाबालाही त्रास होतो. बंद जागेतल्या हवेत दहा लाखांत एखाद-दोन भाग इतके इथिलीन दिवसभर राहिले तरी कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटू लागतात.

हिरव्या, कच्च्या घडांपासून फारसा धोका नाही, कारण पिकायला सुरुवात होईपर्यंत केळे हा वायू अगदी कमी सोडते. पण पिकवलेल्या केळ्यांच्या टेम्पोतून बुके पाठवणे किंवा घरी फळांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवणे टाळावे. फ्रिजमध्ये गजरा ठेवतानाही तो फळांपासून दूर, झाकणाच्या डब्यात ठेवावा.

*पिनकोड चालतो, मग अडते कुठे?*

संकेतस्थळ आधी पिनकोड विचारते आणि ‘डिलिव्हरी उपलब्ध’ असे सांगते. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला तो टपालाची छाननी सोपी व्हावी म्हणून. ग्रामीण भागात एका पिनकोडात मुख्य गावासोबत आजूबाजूची अनेक खेडी येतात. टपालाला दिवसभराची सवड असते, हाराला नसते. अर्धापूरच्या मुख्य रस्त्यावरचे घर आणि दहा किलोमीटर आतल्या गावातला मळा संगणकाला सारखाच वाटतो. फुले घेऊन निघालेल्या पोराला तो फरक पावसात चिखल तुडवताना कळतो.

दुसरी अडचण पत्त्याची. खेड्यातला पत्ता घर क्रमांकाने नाही, ‘मारुतीच्या पारासमोर’, ‘झेडपी शाळेच्या मागे’ असा चालतो. तिसरी अडचण फोनची. ज्यांना अचानक आनंद द्यायचा त्यांचाच नंबर दिला की, ‘काका, तुमचा बुके घेऊन आलोय, घर कुठंय?’ या फोनने गंमत संपते. यावर उपाय सोपा आहे : शेजाऱ्याचा किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर द्यावा.

मोठ्या शहरांतली काही मिनिटांत सामान आणणारी ॲप फुलेही विकतात. त्यांचे गणित दाट वस्तीवर आणि दर दोन-तीन किलोमीटरवरच्या गोदामावर उभे असते. तालुक्याच्या गावात ते गणित बसत नाही. इथे दुकानातला मुलगा, ओळखीचा ऑटोवाला किंवा त्या वाटेने जाणारा गावकरी हीच डिलिव्हरीची यंत्रणा आहे. ती दिसायला विस्कळीत असली तरी माणसे आणि वाटा तिच्या माहितीच्या असतात.

*एका दिवसात भाव का बदलतो?*

फूल साठवता येत नाही, हे मूळ कारण. झेंडूला लागवडीनंतर साधारण दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो. दसरा-दिवाळी गाठायची म्हणून अनेक शेतकरी एकाच सुमारास लागवड करतात. पाऊस वेळेत थांबला तर सगळ्यांची फुले एकदम बाजारात येतात आणि भाव कोसळतो. पाऊस लांबला तर फुले भिजून काळी पडतात, बाजारात माल कमी येतो आणि उरलेल्यांना चढा भाव मिळतो. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने उभ्या पिकांची काय दशा केली, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, लग्नाच्या दाट तिथीला किंवा १४ फेब्रुवारीला ‘नेहमीच्या दरात आजच्या आज’ ही अपेक्षा धरू नये. त्या दिवशीची ऑर्डर दोन दिवस आधी दिली तर भाव ठरवून घेता येतो आणि फुलवाल्यालाही माल मागवायला वेळ मिळतो.

*दुखवट्याची फुले : इथे ‘आजच’ म्हणजे आजच*

वाढदिवसाचा बुके संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी पोहोचला तर थोडी हळहळ होते. अंत्ययात्रेचा हार तासभर उशिरा पोहोचला तर त्याचा उपयोग उरत नाही. पुण्याहून नांदेडला यायला रात्र जाते. परदेशातून तर दोन दिवस. घरातल्या वडीलधाऱ्याच्या अखेरच्या दर्शनाला पोहोचू न शकणाऱ्यांसाठी आपल्या वतीने कुणीतरी ठेवलेला हार हेच काय ते हाती उरते.

अशा वेळी संकेतस्थळावर फॉर्म भरत बसू नये. गावातल्या नातेवाइकाला फोन करून जवळच्या फुलवाल्याकडून हार घ्यायला सांगावे आणि पैसे यूपीआयने थेट दुकानदाराला द्यावेत. फुलवाल्याला प्रसंग स्पष्ट सांगावा. घराघरांतली रीत वेगळी असते. कुठे हार लागतो, कुठे सुटी फुले, कुठे चादर. हे त्याला ठाऊक असते, बुकेच्या फोटोला नसते.

*ऑर्डर देताना काय विचारावे?*

– फुले प्रत्यक्ष कोण देणार? अर्धापूरचे दुकान की नांदेडचे? नांदेडहून येणार असतील तर निघण्याची वेळ विचारावी.

– आज ताजे काय आहे? फोटोतले फूल नसेल तर त्याऐवजी काय देणार, हे आधीच ठरवावे. फुलांची संख्या आणि प्रकार व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावा.

– ऑर्डर शक्यतो दुपारपूर्वी द्यावी. फुलवाल्याची खरेदी सकाळी होते. दुपारनंतरची ऑर्डर उरलेल्या मालातून भागवावी लागते.

– उन्हाळ्यात पोहोच सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मागावी.

– निघण्यापूर्वी तयार हाराचा किंवा बुकेचा फोटो मागावा. बहुतेक दुकानदार तो आनंदाने पाठवतात.

– अनोळखी नंबरवर पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. दुकानाचे नाव, जागा आणि खातेदाराचे नाव जुळते का ते पाहावे.

फुले घेणाऱ्यासाठीही दोन गोष्टी. बुकेच्या दांड्या घरी आल्यावर तळाशी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर तिरप्या कापाव्यात आणि पाण्यात बुडणारी पाने काढावीत. पाणी रोज बदलावे. कूलर-पंख्याच्या थेट झोतात फुले ठेवू नयेत.

*फुले आलीच नाहीत तर?*

ऑनलाइन खरेदीला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू आहेत. त्यानुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिनाभरात तिचे निवारण करायचे. माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. पूर किंवा रस्ता बंद होणे यांसारख्या हाताबाहेरच्या कारणाने झालेला उशीर याला अपवाद.

म्हणून पोहोचलेल्या फुलांचा फोटो वेळेसह लगेच घ्यावा. फूल दुसऱ्या दिवशी कोमेजणारच, त्यामुळे नंतर पुरावा उरत नाही. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. बनावट दुकानाने पैसे लाटले असतील तर तो सायबर गुन्हा ठरतो. त्यासाठी १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाचण्याची शक्यता जास्त.

*यात फुलशेतकऱ्याचा फायदा काय?*

आज तरी थोडाच. ऑनलाइन विक्रीत चमकतो तो बुके, आणि बुकेची फुले बाहेरून येतात. मुदखेड-अर्धापूर पट्ट्यातला झेंडू, गलांडा, मोगरा अजून किलोच्या भावाने बाजारात जातो. भाव पडला तर तोडणीची मजुरीही निघत नाही आणि फुले बांधावर टाकावी लागतात. रोजगार हमी योजनेतून मोगरा, गुलाब, निशिगंध यांच्या लागवडीला मदत मिळते. पण लागवड वाढली म्हणून विक्री आपोआप वाढत नाही.

फरक पडू शकतो तो ऑर्डरच्या स्वरूपामुळे. बाहेरगावच्या ग्राहकाने लाल डच गुलाबांऐवजी ‘आज तोडलेल्या इथल्या फुलांचा हार द्या’ असे सांगितले, तर तेवढा पैसा शेकडो किलोमीटर दूर न जाता तालुक्यात राहतो. फुलवाल्याला शिळा माल खपवण्याची धास्ती राहत नाही. शेतकऱ्याला ठरलेले गिऱ्हाईक मिळते. आणि ज्यांच्यासाठी फुले पाठवली, त्यांना खोक्यातून आलेल्या फुलाऐवजी त्याच सकाळचे फूल मिळते. त्यासाठी नवे ॲप लागत नाही. गावच्या फुलवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये आणि ऑर्डर दुपारच्या आत, एवढे पुरते.